सोलापूरहून मुंबई, मुंबईहून सोलापूर

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या माणसाला परदेशी खरेदीदाराचे काही प्रश्न तोंडपाठ झालेले असतात. भाव काय, जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन) किती, रंग किती धुण्यांपर्यंत टिकतो, माल न्हावा शेवाच्या बंदरात कधी पोहोचतो, आणि हे सगळे मनासारखे जमत आले की अखेरीस, तुमचा कारखाना मुंबईपासून किती लांब आहे? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे दरपत्रकातून, तपासणीच्या अहवालातून नाहीतर ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करून देता येतात. पाचव्याची मी इतकी निरनिराळी उत्तरे देत आले आहे, आणि त्यांतले एकही खोटे नव्हते, की हा प्रश्न वरवर दिसतो तेवढा साधा नाही याची मला खात्री पटली आहे.

संगणकावर दोन शहरांची नावे टाकली की त्यांच्यामधले अंतर आणि विमानप्रवासाचा वेळ सांगणारी साधने हल्ली सर्रास मिळतात, आणि आमचे खरेदीदार ती वापरतात. या साधनांना रस्ता, रूळ, घाट, टोलनाका यांतले काहीच ठाऊक नसते. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल आहे असे धरायचे आणि त्या गोलाच्या पृष्ठभागावरून दोन बिंदूंना जोडणाऱ्या महावृत्ताच्या तुकड्याची, म्हणजे सर्वांत जवळच्या वाटेची, लांबी काढायची, इतकेच त्यांचे काम. सोलापूर १७.६६ उत्तर अक्षांशावर आणि ७५.९१ पूर्व रेखांशावर, मुंबईचा विमानतळ १९.०९ आणि ७२.८७ वर, उत्तर येते साधारण ३६० किलोमीटर. त्याला जेट विमानाच्या ताशी आठशे किलोमीटरच्या वेगाने भागून, चढण्या-उतरण्यापोटी अर्धा तास मिळवला की तासाभराचा आकडा मिळतो. त्या मार्गावर विमान आहे की नाही, हे साधन पाहत नाही. त्यामुळे सोलापूरच्या धावपट्टीवर प्रवाशांचे एकही विमान उतरत नव्हते त्या काळातही खरेदीदार मला लिहीत, की इथे तर तासाभराचाच प्रवास दिसतो आहे, मग तुम्ही सात-आठ तास का म्हणता? मला उत्तर द्यावे लागे, की तास बरोबर आहे, फक्त विमान नाही.

विमानाच्या ३६० किलोमीटरच्या शेजारी आणखी दोन आकडे मांडावे लागतात. रस्त्याने पुण्यापर्यंत अडीचशे आणि तिथून पुढे दीडशे, असे मिळून चारशेच्या आसपास होतात. रेल्वेने सोलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ४५५. म्हणजे सरळ रेषेपेक्षा आगगाडी जवळजवळ शंभर किलोमीटर जास्त धावते. हे शंभर किलोमीटर कुठे जातात, हे मी एकदा नकाशा घेऊन पाहिले, आणि जे दिसले ते मला अपेक्षित नव्हते. आपल्याला वाटते, कुर्डुवाडी, दौंड असा वळसा घेत गाडी जाते, तिथेच अंतर वाढत असेल. प्रत्यक्षात सोलापूर ते पुणे सरळ रेषेत सुमारे २३५ किलोमीटर आहे आणि रुळावरून २६४ च्या आसपास. फरक तीस किलोमीटरचा. पुणे ते मुंबई मात्र सरळ रेषेत १२० आणि रुळावरून १९२. खंडाळ्याच्या घाटात वेढे घेत उतरायचे, मग कर्जतहून वर कल्याणपर्यंत जायचे आणि तिथून पुन्हा खाली मुंबईच्या टोकापर्यंत यायचे, यात बहात्तर किलोमीटर खर्ची पडतात. दख्खनच्या पठारावर सोलापूरची गाडी बऱ्यापैकी सरळ धावते. तिला लांब पाडले ते सह्याद्रीने.

आणि हे आजचे नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८६० साली सोलापुरात आली तेव्हा बोरघाटातला मार्ग तयार व्हायचा होता. तो सुरू झाला १८६३ साली. मधली तीन वर्षे सोलापूरचा उतारू खंडाळ्यापर्यंत गाडीने जाई, तिथे उतरून पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट उतरे आणि खोपोलीला दुसरी गाडी पकडे. कापसाच्या गाठींनाही तोच मार्ग. त्या वेळी कोणी सोलापूर मुंबईपासून किती लांब असे विचारले असते, तर उत्तर घाटातल्या भोयांवर आणि पावसावर अवलंबून राहिले असते. घाट जोडला गेला, १८७१ साली हाच मार्ग रायचूरला मद्रासकडच्या रुळांना मिळाला, आणि १८७७ च्या सुमारास आमच्या गावात पहिली कापड गिरणी उभी राहिली, जिला आजही जुनी मिल म्हणतात. आज वंदे भारत मागून इंजिन लावून न घेता घाट चढते, बाकीच्या बऱ्याच गाड्यांना कर्जतला जादा इंजिने जोडावी लागतात. पण घाटातल्या वळणांवर वेग कमी करावा लागतो तो सगळ्यांनाच, आणि म्हणून सोलापूरचा माणूस पुण्यापर्यंतच्या प्रवासाची तक्रार सहसा करत नाही. त्याची गाडी रेंगाळते ती पुण्याच्या पुढे.

विमानाला घाट नाही, मग ३६० किलोमीटरला अर्ध्या तासाच्या जागी एक तास का लागतो, असा रास्त प्रश्न निघतो. वेळापत्रकात छापलेली वेळ ही हवेतली वेळ नसते. चाकांपुढचे अडसर काढून विमान जागेवरून हलले तिथपासून, दुसऱ्या विमानतळावर ते जागेवर थांबून अडसर लागले तिथपर्यंतची ती वेळ असते. होटगी रस्त्यावरचे आमचे विमानतळ लहान असल्याने धावपट्टीच्या टोकाशी जायला वेळ लागत नाही. मुंबईला उतरल्यावर मात्र विमान बराच वेळ जमिनीवरून चालतच राहते. शिवाय तीस हजार फुटांवरून नीट उतरायचे तर साधारण नव्वद सागरी मैल, म्हणजे १६५ किलोमीटर आधीपासून खाली यायला सुरुवात करावी लागते, आणि दहा हजार फुटांच्या खाली वेग २५० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरच्या, आत ठेवावा लागतो. ३६० किलोमीटरच्या प्रवासात जवळजवळ निम्मा भाग उतरण्यातच जातो. लांबच्या प्रवासात विमान ज्या वेगाने तासन्‌तास जाते, तो वेग इथे येतो आणि गेलासुद्धा. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन असूनही एका वेळी एकीवरच काम चालते, आणि आधी आलेल्या विमानांची रांग पुढे असली तर वाट पाहावी लागते. हे सगळे धरून विमान कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल वेळ ठेवतातच.

खिडकीची जागा मिळाली तर हा तास बघण्यासारखा असतो, हे मला कबूल केले पाहिजे. सोलापूर आणि मुंबई यांना जोडणारी सरळ रेषा काढली तर ती जवळजवळ उजनीच्या धरणावरूनच जाते. विमान वर चढत असतानाच उसाचे हिरवे चौकोन, त्यांच्यामधून निघालेले कालवे आणि साखर कारखान्यांच्या चिमण्या दिसतात, आणि त्या संपतात न संपतात तोच यशवंतसागराचे, म्हणजे त्या धरणाच्या जलाशयाचे, पाणी येते. गाडीने जाताना भिगवणच्या आसपास या पाण्याची एक पट्टी दिसते आणि आपण म्हणतो, उजनी आली. वरून पाहिल्यावर कळते, की भीमेच्या खोऱ्यातल्या प्रत्येक ओढ्यानाल्याच्या तोंडातून ते पाणी आत शिरलेले आहे, आणि जुन्या रस्त्याचा एखादा तुकडा सरळ जाऊन त्या पाण्यात बुडतो. धरणाने उठलेल्या गावांतली माणसे आमच्या कारखान्यात आहेत, त्यांच्या तोंडून या पाण्याखालच्या शेतांविषयी ऐकले होते. त्याची व्याप्ती त्या खिडकीतून कळली. त्यानंतर विमान पुण्याच्या अंगाने जाते, पुढे डोंगराची धार येते आणि कान दडे बसून मोकळे होईपर्यंत खाडीचे पाणी दिसू लागते. ज्या बहात्तर किलोमीटरांसाठी आगगाडी एवढी शिणते, ती वरून जाताना मोजायलाही सवड होत नाही.

एक आकडा कुठल्याच वेळापत्रकात नसतो. सोलापूर आणि मुंबई यांच्या रेखांशांत तीन अंशांहून थोडा जास्त फरक आहे, आणि पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. म्हणजे सूर्य आमच्या डोक्यावर येतो त्यानंतर बाराएक मिनिटांनी तो मुंबईच्या माथ्यावर येतो. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली आणि घड्याळातून हा फरक पुसला गेला, मुंबई मात्र आपली वेगळी वेळ त्यानंतरही कित्येक वर्षे धरून बसली होती. सूर्याला हे अंतर कापायला बारा मिनिटे लागतात, हे सांगितल्यावर आमच्या एका खरेदीदाराने, मग मला त्याच्यातच जागा द्या, असे लिहिले होते.

आता घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंतचा हिशेब करू. विमानाने जायचे तर उड्डाणाच्या तासभर आधी काउंटर बंद होतो, त्यामुळे घरून निदान पावणेदोन तास आधी निघावे लागते. हवेतला आणि जमिनीवरचा मिळून एक तास. मुंबईत उतरून सामान घेऊन बाहेर पडायला पाऊण तास, आणि तिथून फोर्टात किंवा चर्चगेटला पोहोचायला रहदारी पाहून तास ते दीड तास. गोळाबेरीज साडेचार ते पाच तासांची होते. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सोलापूर सोडते आणि दुपारी साडेबारानंतर थेट फोर्टाच्या तोंडाशी उतरवते; तिचे साडेसहा आणि स्टेशनावर जाण्याचा अर्धा, असे सात तास. म्हणजे विमान आणि आगगाडी यांच्यात, विमानाने अंतर कितीतरी अधिक वेगाने कापूनही, फरक उरतो दोन-अडीच तासांचा. रात्री अकराच्या आत सुटणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसला आठेक तास लागतात. कागदावर ती सगळ्यांत हळू आहे.

कागदावरच. सोलापुरात कोणालाही विचारा, मुंबईला जायला किती वेळ लागतो. आठ तास असे उत्तर तुम्हाला मिळणार नाही. रात्री बसायचे, सकाळी उतरायचे, असे मिळेल. या उत्तरात वेळ मोजलेलीच नाही, कारण ती रात्रीची आहे, आणि रात्र आम्ही खर्चात धरत नाही. दिवसभर कारखान्यात काम करून, घरी जेवून, सामान उचलून स्टेशनावर यायचे, बर्थवर आडवे व्हायचे आणि दादरला तोंड धुऊन दहा वाजता लोकांच्या कार्यालयात हजर राहायचे. काम झाले की त्याच रात्री उलटी सिद्धेश्वर. मुंबईला जाऊन आल्याने सोलापूरचा एकच दिवस बुडतो, आणि त्या दिवसात मुंबईचे दहा ते सहा पूर्ण हाती येतात. वंदे भारतने एका दिवसात परत यायचे ठरवले तर साडेबारा ते चार एवढीच मुंबई वाट्याला येते. विमानाने गेले तर वेळापत्रक जसे असेल तसा अर्धा दिवस जाताना आणि अर्धा येताना मोडतो. सिद्धेश्वरच्या डब्यात सॅम्पलच्या पिशव्या उशाशी घेऊन झोपलेला व्यापारी, परळच्या इस्पितळाच्या फायली छातीशी धरलेले नवरा-बायको, मंत्रालयात कागद पुढे सरकवायला निघालेला सरपंच आणि मुलाच्या घरी शेंगाचटणीचे डबे घेऊन निघालेली आजी, यांतल्या कोणालाही तुमचा प्रवास आठ तासांचा आहे असे सांगितले तर ते क्षणभर विचारातच पडतील.

मुंबईचे विमान सुरू झाले तेव्हा मी आमच्या विणाई विभागाच्या मास्तरांना विचारले, "मास्तर, पुढच्या खेपेला विमानानं चलता का मुंबईला?" मास्तरांची सगळी हयात यंत्रमागांवर गेलेली, घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखेच सोलापुरी मराठी. ते म्हणाले, "चलतो की ओ ताई. पण मग रात्री करायचं काय?"

मास्तरांच्या बोलण्यावर आम्ही हसलो, पण सोलापूरच्या अंतराचे मर्म मला त्यातच सापडले. जे अंतर मास्तरांना लागत नाही, ते खरेदीदाराला लागते, आणि त्याला ते दुप्पट लागते. फ्रँकफर्टला दर जानेवारीत भरणाऱ्या हाइमटेक्स्टाइल प्रदर्शनात आमचा माल पाहिलेला खरेदीदार तिकडून निघतो तेव्हा साडेसहा हजार किलोमीटर येतो, पश्चिमेचा वारा पाठीशी असल्याने आठ-साडेआठ तासांत मुंबईला पोहोचतो, आणि तिथे त्याला आम्ही सांगतो, की आता मोटारीने आणखी सात-आठ तास. साडेसहा हजाराला जेवढा वेळ, तेवढाच चारशेला. त्याच्या हिशेबात सोलापूर हे मुंबईच्या पलीकडचे दुसरे फ्रँकफर्ट होऊन बसते. सिद्धेश्वरमध्ये बसा आणि झोपा, हा सल्ला मी एकदोघांना देऊन पाहिला. त्यांनी तो अतिशय सभ्यपणे नाकारला. मुंबईहून सुटणारी सिद्धेश्वरही रात्रीचीच आहे हे खरे, पण तिच्यात बसलेले बहुतेक जण घरी परत निघालेले सोलापूरकरच असतात.

म्हणून माझे मत असे झाले आहे, की सोलापूरहून मुंबईचे अंतर आणि मुंबईहून सोलापूरचे अंतर ही दोन वेगळी अंतरे आहेत, मग साधने काहीही सांगोत. आमच्या गाड्यांचे वेळापत्रकच पाहा. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी सोलापूरहून पुण्याला जाते आणि संध्याकाळी पुण्याहून परत येते. वंदे भारत सकाळी सोलापूरहून निघते आणि रात्री पावणेअकराच्या आत सोलापुरात परत येते. दोन्ही गाड्या सोलापूरच्या माणसाने बाहेर जाऊन काम करून यावे अशा बेताने लावलेल्या आहेत, आणि त्याबद्दल आपण रेल्वेचे आभारच मानले पाहिजेत. पण बाहेरच्या माणसाने सकाळी सोलापुरात यावे, दिवसभर काम पाहावे आणि संध्याकाळी परत जावे, अशी सोय त्यांत नाही. आम्ही जाणारे आणि ते बोलावणारे, हे गृहीत धरून सगळे बसवलेले होते. अंतर सोसायची जबाबदारी कोणाची, याचा निकाल वेळापत्रकाने आधीच लावून ठेवला होता.

त्याची किंमत धंद्याला मोजावी लागते. खरेदीदार येत नाही म्हणून आम्ही सॅम्पल घेऊन मुंबईच्या हॉटेलात जायचो. तिथे लॉबीच्या एका कोपऱ्यात टेबलावर टॉवेल पसरायचे, खरेदीदाराने त्यावर हात फिरवायचा, गोल कटरने कापून काढलेला तुकडा काट्यावर ठेवून जीएसएम बघायचा, टॉवेलवरचे धाग्याचे दोन फुगे, म्हणजे लूप, ओढून ते निसटतात का ते पाहायचे. टॉवेल चांगला असला तरी हॉटेलच्या टेबलावर पडलेल्या टॉवेलला गाव नसते. त्याच टेबलावर तासाभरापूर्वी दुसऱ्या देशातल्या कारखान्याचा टॉवेल पडून गेलेला असतो, आणि मग बोलणे उरते ते फक्त भावाचे. माग कसा चालतो, सुताचा ताण किती ठेवला आहे, रंगाईचे पाणी कुठे जाते, कामगार किती वर्षे टिकून आहेत, हे त्या टेबलावर दाखवता येत नाही. पाच-दहा पैशांसाठी हातचे गेलेले काही सौदे कारखाना दाखवता आला असता तर टिकले असते, असे मला आजही वाटते.

होटगी रस्त्यावरचे विमानतळ काही नवे नाही. खासगी विमाने, मंत्र्यांची विमाने तिथे उतरत. मध्यंतरी काही काळ मुंबईची प्रवासी सेवाही चालली आणि थांबली. पुढे अडचण सांगितली गेली ती जवळच असलेल्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाच्या चिमणीची. धावपट्टीच्या आसपासच्या ठरावीक टापूत विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटरपेक्षा उंच काही नसावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे, आणि ही चिमणी त्याच्या जवळजवळ दुप्पट होती. विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येते, त्या वाटेवर असे काही उभे असून चालत नाही. न्यायालये, मोर्चे, उपोषणे सगळे झाले आणि १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडली गेली. विमान हवे म्हणणारे आणि ऊस कुठे घालायचा म्हणणारे, दोन्ही बाजूंची माणसे माझ्या ओळखीची होती, आणि दोघांचेही अंशतः पटत होते. कारखान्याच्या सभासद शेतकऱ्याला मुंबईला तासाभरात जायची निकड नव्हती, आणि त्याला ती आहे असे त्याच्या वतीने आम्ही ठरवू शकत नव्हतो. बोरामणीला नवे मोठे विमानतळ करायचा बेत वनजमिनीच्या परवानगीत अडकून राहिल्यामुळे होटगी रस्त्याला पर्यायही उरला नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये नूतनीकरण झालेल्या विमानतळाचे उद्घाटन झाले, ९ जून २०२५ रोजी गोव्याचे विमान सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईचे.

गोव्याचे दोन पंख्यांचे एटीआर विमान सुरू झाले तेव्हा गावात चेष्टा झाली, की आधी कामाचे सोडून मजेचे आले. गोव्यातल्या मोपा विमानतळापर्यंतचे सरळ अंतर तीनशेच्या थोडे वर आहे आणि रस्त्याने जवळपास सगळा दिवस जातो, त्यामुळे तासांची बचत मुंबईपेक्षा गोव्याच्या विमानात जास्त आहे, हे मी पुष्कळांना पटवून पाहिले. कोणी ऐकले नाही. विमान म्हणजे मुंबईचेच, बाकीचे म्हणजे हौस, हा गावाचा ठाम समज.

मुंबईच्या विमानाने आलेला आमचा पहिला परदेशी खरेदीदार होटगी रस्त्यावर उतरला तेव्हा मी त्याला घ्यायला गेले होते. लहान इमारत, एकच सामानपट्टा, बाहेर पडायला दहा मिनिटेही लागली नाहीत, याचेच त्याला नवल वाटले. कारखान्यात पोहोचल्यावर तो दप्तरात न येता थेट विणाईत गेला. मास्तरांनी एक माग थांबवला, जमिनीचे, म्हणजे कापडाच्या पायाचे, आणि लूपचे असे दोन निराळे ताणे (उभे धागे) दाखवले, लूपचा ताणा सैल सोडलेला असतो म्हणूनच फणी पुढे ठोकली गेल्यावर त्याची गाठ न पडता फुगा उभा राहतो, हे बोटाने सूत उचलून दाखवले. खरेदीदाराने स्वतः बोट घालून दोन्ही ताण्यांतला फरक पाहिला. मग त्याने विचारले, हा ताण तुम्ही कसा मोजता? मास्तर म्हणाले, यंत्र आहे, पण मी आधी हाताने बघतो आणि मग यंत्राला विचारतो. हे मी भाषांतर करून सांगितले तेव्हा तो हसला आणि त्याने मास्तरांना मागाजवळ उभे करून छायाचित्र काढले. त्या दिवशी भावाची गोष्ट निघाली ती जेवणानंतर, आणि ती फार ताणली गेली नाही.

ही सोय एका सौद्यावरून जोखू नये, हे मला कळते. तिकिटाच्या दरातली तूट भरून देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतल्यामुळे हा मार्ग चालू झाला आहे. सत्तर-पंचाहत्तर आसने दर फेरीला भरत राहिली तरच तो पुढे आपल्या पायावर उभा राहील. आणि ती भरायची तर सोलापूरकरांवर विसंबून चालणार नाही, कारण आमच्या हाताशी रात्र आहे. आमच्यातले जे विमानाने जातील ते मुंबईला जाण्यासाठी क्वचितच. मुंबईहून पुढे दिल्ली, दुबई, फ्रँकफर्ट गाठायचे असलेले, किंवा रात्रभराचा धक्का न सोसणारे रुग्ण आणि म्हातारी माणसे. पूर्वी अशांना विमान पकडायला पुण्याला किंवा हैदराबादला अडीचशे-तीनशे किलोमीटर मोटारीने जावे लागे, आणि त्यात घरचे दोघे सोबतीला लागत ते वेगळेच. बाकीची आसने भरायची ती इकडे येणाऱ्यांनी: खरेदीदार, यंत्रे दुरुस्त करायला येणारे तंत्रज्ञ, पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर एका दमात करू पाहणारे भाविक.

त्यांच्यासाठी मुंबईहून सकाळी येणारे आणि संध्याकाळी परत नेणारे विमान हवे. मुंबईच्या विमानतळावर सकाळ-संध्याकाळच्या उतरण्या-उडण्याच्या वेळा फार दिवसांपासून भरलेल्या आहेत, आणि लहान गावांच्या वाट्याला तिथे उरलेल्या वेळा येतात. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचे विमानतळ सुरू झाले आहे; ते सोलापूरला सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरने जवळ आहे, पण आम्हाला त्या पंचवीस किलोमीटरांपेक्षा तिथल्या मोकळ्या वेळांचे महत्त्व अधिक आहे. शिवाय न्हावा शेवा तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे खरेदीदाराला परत जाताना आपला कंटेनर चढताना पाहायचा असेल तर तेही जमेल. सकाळच्या विमानासाठी व्यापारी मंडळींनी निवेदने द्यावीत असे मी बैठकांतून बोलत असते. तोवर, येणाऱ्या पाहुण्याला एक रात्र सोलापुरात काढावी लागेल हे मी आधीच कळवते, आणि उन्हाळ्यात येणार असाल तर सुती कपडे आणा, असेही.